रविवारची तपासणी

पप्पा गेल्यानंतर अकराव्या दिवशी शेफालीचा फोन आला. माझा भाऊ धम्मदीप ज्या औषधाच्या चाचणीत होता, तिथलं सगळं नियोजन शेफाली बघते. वयाने लहान, बोलणं मोजकं. आधी तिने पप्पांबद्दल विचारलं, मग जरा थांबून म्हणाली, "मॅडम, धम्मदीपच्या गोळ्या कमी भरतायत."

"कमी म्हणजे?"

"आठवड्याला आम्ही अठरा गोळ्या देतो. चौदा घ्यायच्या, चार जादा. एखादी पडली, ओली झाली तर असाव्यात म्हणून. उरलेल्या परत यायला हव्यात. सात आठवड्यांत आठ कमी आल्यात. एक-दोन आम्ही सोडून देतो. आठ नाही सोडता येत."

"मग आता?"

"एक तर तो जास्त घेतोय, नाहीतर बाहेर कुणाला तरी देतोय. शुक्रवारी सरांसमोर कारण सांगावं लागेल. पटलं नाही तर त्याचं नाव काढतील."

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला. पप्पांचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, पाहुणे पांगले होते, सतरंज्या अजून गच्चीवर होत्या. मी माझ्या कर्वेनगरच्या घरून विश्रांतवाडीला आईकडे राहायला आले होते. पुढच्या खोलीत धम्मदीप पप्पांचा चष्मा पुसत बसला होता. त्या चष्म्याचं आता काय करायचं हे आमच्यापैकी कुणालाच ठरवता येत नव्हतं, त्यामुळे जो रिकामा असेल तो पुसत असे.

धम्मदीप एकतीस वर्षांचा आहे. वाघोलीच्या एका गोदामात तो पाळीप्रमुख होता. डोळे मिटू नयेत म्हणून तिथल्या एकाने त्याला एमडी नावाच्या नशेच्या पावडरीची पुडी दिली. पुढची तीन वर्षं मी इथे सांगणार नाही. ज्या घरांनी ती पावडर पाहिली आहे त्यांना ती ठाऊक आहेत आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाहीत. नोकरी गेली, अठरा किलो वजन गेलं, ठरलेलं लग्न मोडलं. दोनदा व्यसनमुक्ती केंद्रात ठेवला. दोन्ही वेळा बाहेर आल्यावर आठ दिवस टिकला नाही. दारूवर गोळ्या आहेत, ब्राउन शुगरवर आहेत. या पावडरीवर मात्र अजून भरवशाचं औषध नाही, हे आम्हाला डॉ. अनिरुद्ध मोघ्यांनी सांगितलं. एका नव्या गोळीची चाचणी त्यांच्याकडे चालू होती. बारा आठवडे, रोज दोन गोळ्या, मंगळवारी आणि शुक्रवारी लघवीची तपासणी.

आणि धम्मदीप एकोणपन्नास दिवस कोरा होता. चौदाच्या चौदा तपासण्या स्वच्छ. पप्पांच्या अंत्ययात्रेच्या दुसऱ्या दिवशीही तो रिक्षा करून तपासणीला गेला होता. त्यामुळे शेफालीचा फोन ठेवल्यावर माझ्या मनात जे आलं त्याची मला लाज वाटली. पण आलं ते आलंच.

चाचणीत नाव घालताना संमतीपत्र वाचण्याचं काम माझ्याकडे होतं. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करते, वाईट मराठीची मला सवय आहे. तरी ती एकवीस पानं वाचताना मी थकले. शेवटी स्वयंपाकघरात सगळ्यांना बसवून त्या मराठीचं मराठी करून सांगितलं.

"निम्म्या लोकांना खरं औषध मिळतं. निम्म्यांना अगदी तशीच दिसणारी गोळी, पण आत काहीच नसतं. कुणाला काय मिळालं हे रुग्णालाही माहीत नसतं आणि डॉक्टरांनाही. सगळं संपलं की उघडून बघतात."

पप्पा म्हणाले, "म्हणजे डमी."

"हो."

"म्हणजे तपासणी न करता लॉट बाहेर."

"पप्पा, ही तपासणीच आहे."

"माझ्या पोरावर."

पप्पा, म्हणजे भीमराव ओव्हाळ, तेहेतीस वर्षं खडकीच्या दारूगोळा कारखान्यात एक्झामिनर होते. तयार झालेल्या मालाच्या प्रत्येक लॉटमधून काही नग काढायचे, रेंजवर नेऊन उडवून बघायचे, आणि मगच लॉटवर सही करायची. उडवून न बघता त्यांनी कधी सही केली नाही. घरातही तसंच. गॅसचा नवा पाइप आला की साबणाचं पाणी, टरबूज आणलं की विक्रेत्यासमोरच काप. आई म्हणायची, "लग्नाच्या वेळी मला कसं पास केलं कोण जाणे." पप्पा म्हणायचे, "घाई होती."

त्या दिवशी त्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, "पण आत काय आहे हे कळायचं कसं?" तेव्हा मी कंटाळले होते. म्हणाले, "मग एक उडवून बघा ना."

आई हसली, धम्मदीपही हसला. पप्पा हसले होते की नाही ते मला आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला आहे.

गोळ्या घरातल्या जबाबदार माणसाने स्वतःच्या ताब्यात ठेवायच्या अशी अट होती. पप्पांनी त्या स्टीलच्या डब्यात ठेवल्या, डब्याला कुलूप लावलं, चावी बनियनच्या आत दोऱ्यात गळ्यात घातली. सकाळी आठ आणि रात्री आठ. धम्मदीपने गोळी घ्यायची, पाणी प्यायचं, तोंड उघडून दाखवायचं. आठवडा संपला की उरलेली स्ट्रिप पाकिटात घालून त्याच्या हातात. पाकीट डिंकाने चिकटवलेलं असायचं.

मी पुढच्या खोलीत गेले आणि धम्मदीपसमोर बसले.

"गोळ्या कमी भरतायत. आठ."

त्याने चष्मा खाली ठेवला. "मग?"

"मग काय? तू सांग."

"ताई, तू सरळ विचार ना. विकल्या का, असं विचार."

"विकल्या का?"

"चावी कुणाकडे होती?"

मी चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"मी त्या गोळ्या विकेन?" त्याचा आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "सगळं विकलंय मी, मान्य आहे. तुझा लॅपटॉप विकलाय. पण ही गोळी खरी आहे ताई. काम करते ती माझ्यावर."

"खरी आहे हे तुला काय माहीत? कुणालाच माहीत नसतं."

"पप्पांना माहीत होतं."

"काय?"

"तिसऱ्या आठवड्यात माझी हालत टाइट होती. दुपारी चप्पल घालून निघालोच होतो. कुठे ते तुला कळलंच असेल. पप्पा दारात उभे राहिले. अडवलं नाही, काही नाही. म्हणाले, धम्मा, तुझा लॉट पास आहे. मी बघितलाय. खरी गोळी आहे. आता तू तिला काम करू दे." तो थांबला. "मी चप्पल काढली. मला वाटलं, आतलं कुणीतरी ओळखीचं असेल. फॅक्टरीतल्या कुणाचा मुलगा वगैरे."

मी उठून स्वयंपाकघरात गेले. आई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, "पप्पा रविवारी काय करायचे गं?"

"काय करायचे म्हणजे? पेपर. आणि ते मशीन."

"कुठलं मशीन?"

"बीपीचं. सहाला उठून बसायचे आणि तासातासाला दंडाला पट्टा बांधायचे. मी म्हटलं, आठवड्यातून एकदाच एवढं कशाला मोजता? म्हणाले, काम आहे."

"गोळी घ्यायचे का काही?"

आईने मान वर केली. "घ्यायचे. पांढरी. मी म्हटलं ही कुठली? म्हणाले, नमुना."

मशीन कपाटात होतं, पप्पांच्या रुमालांखाली. त्याच्यात मागची साठ मोजमापं तारीख-वेळेसह राहतात. मी बटण दाबत गेले. सहा रविवार. सहा, सात, आठ, नऊ, दहा. पहिल्या रविवारी एकशे चव्वेचाळीसपासून एकशे एकसष्टपर्यंत. तिसऱ्या रविवारी एकशे अडुसष्ट. मग कदाचित खात्री करायला त्यांनी एकाच्या दोन केल्या असाव्यात. म्हणजे पहिले चार रविवार एकेक आणि नंतरचे दोन रविवार दोन-दोन; आठ. शेवटच्या रविवारी, तीस तारखेला, सकाळी दहा वाजता एकशे ब्याण्णव. पप्पा त्याच दिवशी सव्वाअकराला खुर्चीत गेले.

त्यांना सहा वर्षांपूर्वी स्टेंट बसवला होता. साखर होती. वय सदुसष्ट. डॉक्टरांनी हृदयविकार लिहिलं आणि आम्ही काहीच विचारलं नाही. विचारण्यासारखं काही आहे असं वाटलं नव्हतं. संमतीपत्राच्या नवव्या पानावर मात्र लिहिलं होतं की या औषधाने रक्तदाब वाढू शकतो, म्हणून हृदयाचा त्रास असलेल्यांना चाचणीत घेतलं जात नाही. ते पान मी वाचलं होतं. मोठ्याने वाचलं होतं की नाही, ते नक्की सांगता येत नाही.

शुक्रवारपर्यंत दोन दिवस होते. खरं सांगितलं तर धम्मदीपवरचा आळ जाणार होता. पण चाचणीबाहेरच्या माणसाने गोळ्या घेतल्या आणि तो मेला, हे कळल्यावर डॉक्टर गप्प बसू शकत नाहीत, हेही त्या एकवीस पानांत होतं. ते गोळी उघडून बघणार. एकदा बघितली की धम्मदीप बाहेर. आणि खरी निघाली, तर त्याला बरं करणाऱ्या गोळीने त्याच्या बापाला मारलं असं होणार. मी गप्प बसले तर तो चोर ठरून बाहेर. तिसरी वाटही होती: पाहुण्यांच्या गडबडीत गोळ्या मीच फेकल्या असं सांगायचं. ते खोटं मी आंघोळ करताना दोनदा म्हणून बघितलं. चांगलं बसत होतं.

डॉ. मोघ्यांच्या खोलीत एसी फार होता. ते पप्पांबद्दल दोन वाक्यं बोलले, ती मनापासून होती. शेफालीने समोर रिकाम्या स्ट्रिप मांडल्या.

"धम्मदीप," मोघे म्हणाले, "कुणी ओरडणार नाही. काय झालं तेवढं सांगा."

मी तोंड उघडणार तेवढ्यात तो म्हणाला, "मी खाल्ल्या सर."

"जादाच्या?"

"हो. वाटलं दोन घेतल्या तर लवकर बरं वाटेल."

"चावी तर वडिलांकडे होती ना?"

"झोपले की काढून घ्यायचो."

शेफालीने लिहायला पेन उचललं. मी धम्मदीपकडे बघितलं. तीन वर्षं तो आमच्याशी खोटं बोलला होता आणि मला त्याची प्रत्येक तऱ्हा ओळखता येत होती: मान तिरकी, बोलणं भरभर. आज मान सरळ होती. तो समोरच्या भिंतीकडे बघत एकेक शब्द ठेवत होता.

"तो खोटं बोलतोय," मी म्हणाले. "गोळ्या वडिलांनी घेतल्या."

"ताई, गप."

"रविवारी. एकेक, मग दोन-दोन. खरी आहे का डमी आहे ते बघायला. शेवटच्या घेतल्या त्या दिवशीच गेले." मी मशीन टेबलावर ठेवलं. "यात सगळं आहे."

शेफालीने पेन खाली ठेवलं. मग मोघ्यांनी मशीन जवळ ओढलं आणि एकेक आकडा बघत गेले. शेवटच्या आकड्याला त्यांनी चष्मा काढला. "मी हे कळवायला बांधलेला आहे," ते म्हणाले. "आपल्याला कल्पना आहे ना, याचा अर्थ काय?"

"आहे."

खाली रिक्षा बघत उभे असताना मी विचारलं, "तुला कधी कळलं?"

"तू मशीन घेऊन तासभर कपाटासमोर बसलीस तेव्हा." मग म्हणाला, "कशाला सांगितलंस? एक्झामिनर ओव्हाळ पोराची नशेची गोळी खाऊन मेले, असं म्हणतील आता खडकीत. मला काय, मला आणखी एक नाव पडलं असतं."

पुढच्या बुधवारी डॉ. मोघ्यांनी मला एकटीला बोलावलं.

"डमी होती," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही.

"धम्मदीपला पहिल्या दिवसापासून डमीच मिळत होती. नुसता स्टार्च. आपल्या वडिलांच्या मृत्यूशी आमच्या गोळीचा संबंध नाही. मला वाटलं, हे ऐकून आपल्याला थोडा…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "त्याला आता चाचणीत ठेवता येणार नाही. बाहेरच्या ओपीडीत समुपदेशन चालू ठेवू. एकोणपन्नास दिवस म्हणजे काही थोडं नाही हो. त्याला सांगा, ते त्याचं स्वतःचं आहे."

"मग बीपी कशाने वाढलं?"

"वाट बघत बसलं की वाढतं. शिवाय हृदयाचा जुना त्रास. त्यांची स्वतःची बीपीची गोळी चालू होती ना नियमित?"

मी हो म्हणाले. घरी आल्यावर पप्पांच्या औषधांचा डबा उघडला. बीपीच्या गोळ्या ते महिन्याच्या आणत आणि प्रत्येक गोळीमागे तारीख लिहीत. दोन्ही महिन्यांच्या स्ट्रिपमध्ये काही गोळ्या शिल्लक होत्या. सहा. तारखा बघण्याची गरज नव्हती, तरी बघितल्या. सगळे रविवार. त्यांच्या कामाचा हा पहिला नियम होता, तो त्यांनी मला लहानपणीच समजावला होता: दोन स्फोटक दारू एकत्र मोजायच्या नाहीत, दुसरी आधी बाजूला काढायची.

स्वतःची गोळी टाळून ते पोराची गोळी मोजत होते. आकडा चढत होता, तो त्यांची स्वतःची गोळी न घेतल्यामुळे, आणि त्यांना वाटत होतं माल खरा आहे. तेहेतीस वर्षांत त्यांनी चुकीचा लॉट पास केला नव्हता. हा केला. रेंजवर त्यांना लॉट कुणाचा आहे याच्याशी कर्तव्य नसे. इथे त्यांना तो पास व्हायलाच हवा होता.

धम्मदीप गच्चीवर सतरंज्या झटकत होता. मला बघून थांबला.

"काय निघालं?"

मी जिन्यातून वर येताना दोन्ही उत्तरं धरून आले होते. खरी होती म्हटलं तर औषधाने तो बरा होत होता, आणि त्याच औषधाने पप्पा गेले. डमी होती म्हटलं तर पप्पा त्याच्या गोळीने गेले नाहीत, आणि त्याच्या हातात काहीच उरत नव्हतं. एक काढून घेतल्याशिवाय दुसरं देता येत नव्हतं.

"डमी," मी म्हणाले.

त्याने सतरंजीची दोन टोकं जुळवली. "पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून. म्हणजे हे सगळे दिवस तू स्वतःच्या जोरावर काढलेस. डॉक्टरांनी मुद्दाम सांगायला सांगितलंय."

"जोर कसला ताई?" तो हसला, ते मला आवडलं नाही. "पप्पा म्हणाले म्हणून राहिलो मी. मला वाटत होतं, आत काहीतरी आहे, ते बघून घेईल. मी फक्त गिळतोय."

"पण राहिलास ना?"

"मग पप्पा कशाने गेले?"

"हृदयाने," मी म्हणाले. "वय झालं होतं. गोळीचा काही संबंध नाही."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. मोघ्यांच्या खोलीत मी त्याचं खोटं ओळखलं होतं. त्याने माझं ओळखलं का, ते अजून माहीत नाही. त्या सहा गोळ्या मी तोवर मोरीत सोडल्या होत्या. आईलाही सांगितलं नव्हतं. हे पहिल्यांदाच लिहिते आहे.

पुढचे चार दिवस तो सकाळी आठला उठून पाण्याचा पेला भरून घ्यायचा आणि नुसतं पाणी प्यायचा. मग तेही बंद झालं. दहाव्या दिवशी मी ग्रंथालयात असताना त्याचा फोन आला.

"ताई, काल घेतली."

पूर्वी असं आम्हाला तो कधीच सांगत नसे. आम्हाला शोधून काढावं लागे. मी पुस्तकांचा गठ्ठा खाली ठेवला. "कुठे आहेस?"

"घरीच. आई देवळाशेजारच्या भाजीवाल्याकडे गेलीय. तिला कळलेलं नाही."

"मी येते. तिथून हलू नकोस."

"हललो असतो तर फोन केला असता का?" तो म्हणाला. तेवढं बोलणं मात्र अगदी पप्पांचं होतं.

मोघ्यांकडे जायला तो तयार नव्हता. "त्यांच्यासमोर जायची लाज वाटते," एवढंच म्हणाला. म्हणून मी त्याला सरकारी दवाखान्याच्या मानसोपचार विभागात नेलं. रांगेत दीड तास गेला. त्याचे ओठ सुकून फुटले होते. समोरच्या बाकावरची एक बाई आपल्या मुलाला सांगत होती, "अंगाला टेकू नकोस त्या काकांच्या." धम्मदीप स्वतःच सरकून भिंतीला लागला.

आतमध्ये एक तरुण डॉक्टर होत्या. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलणं घाईचं, पण वाईट नाही. कधीपासून, किती, शेवटची कधी, हे सगळं त्यांनी विचारलं आणि त्याने न अडखळता सांगितलं.

"याआधी औषधोपचार?"

"दोनदा सेंटरला होतो. काही झालं नाही." मग तो जरा पुढे सरकला. "नंतर एक गोळी होती. सात आठवडे. रोज दोन. तिचा फरक पडला होता मॅडम. खूप फरक पडला होता. ती मिळाली तर बघा ना."

"नाव काय गोळीचं?"

"नाव नव्हतं तिला. पांढरी होती."

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्हाला माहीत आहे का? कागद असेल काही?"

चाचणीचा कागद माझ्या पिशवीतच होता. धम्मदीप माझ्याकडे वळला नाही. केसपेपरच्या कोपऱ्याकडे बघत बसला होता. पाठ ताठ.

"नाही," मी म्हणाले. "पण फरक पडला होता, हे खरं आहे."

त्यांनी ते लिहून घेतलं आणि पुढच्याला आत पाठवायला सांगितलं.